जनेलाचा पडदा

गेल्या पावसाळ्यात आमच्या वसरीच्या जनेलांचे पडदे एकदाचे संपले. धुऊन वाळत घालताना हातातच आले. दोन जनेले, चार पडदे. म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात चौकशी केली, तर शिलाई जवळजवळ कापडाइतकीच सांगितली. घरी येऊन आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "पडद्यात शिवायचं असतं काय? सरळ टीप. मशीन आहे, तू आहेस, मग शिंपी कशाला?"

मी सरकारी कारकून. वय पंचेचाळीसच्या पुढे. आयुष्यात शर्टाचे बटण लावण्यापलीकडे सुई हातात धरलेली नाही. आईला आता सुई ओवता येत नाही, टीप दिसत नाही. त्यामुळे ठरले असे की हातपाय माझे आणि अक्कल तिची.

त्याच आठवड्यात मी तिचा एक सरकारी अर्ज भरत होतो. घरात लिहायला सपाट जागा म्हणजे मशीनची फळी. तिच्यावर कागद ठेवून नाव, वय, पत्ता लिहिले आणि 'व्यवसाय' या रकान्यात सवयीने 'काही नाही' असे लिहून टाकले. वीस वर्षे मी लोकांचे अर्ज तपासतो आहे. बाईच्या नावापुढे त्या रकान्यात 'गृहिणी' नाही तर 'काही नाही' असेच असते. वेगळे काही दिसले तरच आम्ही थांबून वाचतो. अर्ज उचलला आणि खालची फळी दिसली. डाव्या बाजूला तिचे पॉलिश पार गेले आहे. तिथे आईचा हात एकतीस वर्षे टेकत होता. १९७७ पासून २००८ पर्यंत तिने याच मशीनवर अर्ध्या गावाचे कपडे शिवले, आणि माझ्या कॉलेजची फीदेखील त्यातूनच गेली.

अर्ज तसाच ठेवला. त्यानंतरचे काही रविवार पडदे शिवण्यात गेले आणि रात्री पडद्यांचा नि शिवणाचा इतिहास वाचण्यात. दोन्हींतून जे हाती लागले ते इथे मांडतो.

पडद्याआधी जनेलाविषयी बोलले पाहिजे. जनेल हा शब्द पोर्तुगिजांच्या 'जनेला'वरून आपल्याकडे आला हे सगळ्यांना ठाऊक आहे. गोव्यातल्या जुन्या घरांची आणि चर्चांची जनेले काचेची नव्हती. लाकडी चौकटीत छोटी छोटी चौकोनी घरे, आणि प्रत्येक घरात शिंपल्याची घासून गुळगुळीत केलेली पातळ चकती. 'प्लॅक्युना प्लॅसेंटा' असे त्या प्राण्याचे शास्त्रीय नाव. चिखलीच्या उपसागरात तो अजून आढळतो. या शिंपल्यातून उजेड येतो, पण आरपार काही दिसत नाही. दुपारचे ऊन दुधासारखे होऊन आत उतरते. असे जनेल बंद केले की उजेड राहतो आणि आडोसाही होतो. त्याला वेगळा पडदा लावायची गरजच काय?

आपल्या हिंदू घरांची रचना निराळी, तरी हिशेब तोच. बाहेरच्या भिंतीला लहान गजांची जनेले, आणि घराचे सारे आयुष्य आतल्या राजांगणाभोवती. वाटसरूच्या नजरेला आत शिरायला वावच नव्हता. पडदा असलाच तर तो वसरी आणि माजघर यांच्यामधल्या दाराला. आणि तो विकत आणलेला नसे. आजीच्या विरलेल्या लुगड्याचा धडका भाग काढायचा, वर सुतळी ओवायची, झाला पडदा. आमच्या घरीही माझ्या लहानपणी तसाच होता, आणि त्याला तिच्या कपड्यांच्या पेटीतला कापराचा वास यायचा.

'पडदा' हा शब्द फारसीतून आला. त्याआधी संस्कृतात जवनिका होती, तिरस्करिणी होती. मराठीचा खास आपला शब्द म्हणजे अंतरपाट. वधूवरांमध्ये धरायचे ते साधे, न शिवलेले वस्त्र. आपल्याकडे धर्मकृत्याला अखंड वस्त्र लागते. शिवलेले चालत नाही. पण म्हणून शिवणकला नंतर कुणी बाहेरून आणली असे समजू नये. तेराव्या-चौदाव्या शतकातले नामदेव शिंपीच होते. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची जी ६१ पदे आहेत, त्यांतल्या एकात त्यांनी मनाला गज आणि जिभेला कात्री म्हटले आहे. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी मोजमाप, कापणी आणि टाका यांचा धंदा आपल्याकडे इतका रुळलेला होता की देवाशी बोलायलाही तो उपयोगी पडला.

मग खिडकीवर सोडायचा, चुण्यांचा, झुळझुळीत पडदा कुठून आला? युरोपातून, असे आपण पटकन म्हणतो. पण त्या पडद्याचे कापड आपलेच होते! मराठीतला 'छीट' हा शब्द घ्या. पोर्तुगिजांनी त्याचे 'शिता' केले, इंग्रजांनी 'चिंट्झ'. चोळमंडल किनाऱ्यावर रंगवलेले हे सुती कापड सोळाव्या-सतराव्या शतकांत जहाजांनी युरोपला जाऊ लागले. तिकडे लोकर नि रेशीम, दोन्ही धुवायला कठीण. हे कापड मात्र धुतले तरी रंग सोडत नसे. तिथल्या श्रीमंतांनी त्याचे पलंगांचे पडदे केले, भिंतींवर टांगले, अंगावर घातले. इतके, की तिथले विणकर रस्त्यावर आले. फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडने १७०१ आणि १७२१ मध्ये कायदे केले. लंडनचा प्रसिद्ध नट डेव्हिड गॅरिक याच्या पत्नीसाठी कलकत्त्याहून भेट आलेले छिटाचे पडदे तिथल्या जकातवाल्यांनी जप्त केले होते. आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. एका पडद्यासाठी एवढी कारवाई!

पुढे काळ फिरला. इंग्लंडच्या गिरण्यांनी सूत स्वस्त केले आणि उलट आपलेच विणकर रस्त्यावर आले. काचही स्वस्त झाली. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला आणि खिडक्यांवरचा १८५१ मध्ये. मोठ्या, पारदर्शक खिडक्या मध्यमवर्गीयांच्या घरात आल्या, आणि काच आली की आडोसा हवाच. आपल्याकडेही हळूहळू शिंपल्यांच्या जागी काचा बसल्या आणि जनेलाला पडद्याची गरज पडली.

गंमत म्हणजे खिडक्यांवरचा कर उठला त्याच १८५१ साली अमेरिकेत आयझॅक मेरिट सिंगर याने आपल्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले. यंत्राची कल्पना त्याची एकट्याची नव्हे. फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० मध्येच यंत्र काढले होते आणि सुमारे ८० यंत्रे लावून तो सैन्याचे गणवेश शिवू लागला होता. पोटावर पाय येतो म्हणून १८३१ मध्ये इतर शिंप्यांनी त्याचा कारखाना फोडला. अमेरिकेत एलियस हाउ याने १८४६ मध्ये दुहेरी दोऱ्याच्या टाक्याचे पेटंट घेतले. त्यातली खुबी अशी की सुईचे भोक मागच्या टोकाला न ठेवता अणकुचीदार टोकाशीच केलेले. हातशिलाईत आख्खी सुई कापडातून आरपार जाते. यंत्रात फक्त तिचे टोक खाली जाते, दोऱ्याचा फास करते, खालच्या बॉबिनचा दोरा त्या फासातून जातो आणि गाठ कापडाच्या पोटात बसते. सिंगरने पायाने चालवायची सोय आणि सरळ उभी सुई देऊन ते घरात चालेल असे केले. त्याचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने १८५६ मध्ये हप्त्यांची युक्ती काढली. यंत्र गोरगरिबांच्या घरी शिरले ते या हप्त्यांमुळे.

फरक किती पडला? त्या काळच्या एका अमेरिकन यंत्र कंपनीने दिलेला हिशेब असा : पुरुषाचा एक शर्ट हाताने शिवायला साडेचौदा तासांच्या आसपास, यंत्रावर सव्वा तास. कंपनीचा हिशेब म्हणून थोडा सोडून दिला तरी बाईचा दिवस कुठे जात होता ते यातून कळते.

गांधीजींचा यंत्रविरोध आपण शाळेत शिकतो. १९२४ मध्ये रामचंद्रन नावाच्या एका तरुणाने त्यांना विचारले, की तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? तेव्हा त्यांनी अपवाद म्हणून नाव घेतले ते सिंगरच्या शिवणयंत्राचे. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने ते केले, त्याच्या मुळाशी प्रेम आहे, असे त्यांचे म्हणणे. सिंगरचे चरित्र मात्र वेगळेच सांगते. हा गृहस्थ फिरत्या नाटक कंपनीतला नट, अनेक बायकांपासून चोवीस मुले झालेला. त्याच्या मधल्या नावावरूनच आपल्याकडच्या 'मेरिट' मशीनचे नाव पडले. महात्माजींना मिळालेली गोष्ट खरी नसेल. पण कष्ट कुणाचे वाचतात हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आपल्याकडे शिवणाचा धंदा पुरुषांचा. शिंपी पुरुष, दर्जी पुरुष, आपल्या ख्रिश्चन वाड्यावरचा आल्फयातही पुरुष. आई सांगते, तिच्या लहानपणी लग्न ठरले की शिंपी घरी यायचा आणि वसरीवर बसून आठ-आठ दिवस शिवायचा. घरातल्या बाया शिवत नसत असे नाही. त्या गोधड्या शिवत, फाटके सांधत, झबली-टोपडी करत. पण ते काम मोजले जात नसे. बाईच्या शिवणाला मोल येऊ लागले ते यंत्र घरात आल्यावर. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये सेवासदन काढले आणि तिथे शिवणाचे वर्ग चालवले, त्यामागे हेच होते : विधवा, परित्यक्ता बाईला चार भिंतींच्या आत राहून चार पैसे मिळावेत. १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' मशीन बनवायला घेतले, आणि पुढे ते लेकीच्या लग्नातल्या वस्तूंच्या यादीत जाऊन बसले.

आमची मशीन सिंगरची. आजोबांनी ती पोर्तुगीज अमदानीच्या शेवटच्या वर्षांत घेतली आणि आईबरोबर ती आमच्या घरी आली. तिचा क्रमांक 'ई' अक्षराने सुरू होतो, म्हणजे ती स्कॉटलंडच्या क्लाइडबँक इथली. १८८५ मध्ये सुरू झालेला तिथला प्रचंड कारखाना १९८० मध्ये बंद पडला. कारखाना गेला, राज्य गेले, आजोबा गेले. मशीन चालते आहे.

मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा उघडल्या. गोव्यातल्या मुली मोठ्या संख्येने शाळेत जाऊ लागल्या ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण मुलगी शाळेत जायची तर तिला गणवेश हवा, आणि तो कुणीतरी शिवायला हवा. मे महिना उजाडला की आमच्या घरात निळ्या आणि पांढऱ्या कापडाचे ढीग पडत. जूनमध्ये ते जात, की चवथीची झबली, परकर-पोलकी सुरू. दिवे गेले तर आई कंदील मशीनच्या फळीवर ठेवून शिवायची. आम्ही त्या आवाजातच झोपायचो.

असो. आता माझ्या पडद्यांविषयी.

आठ मीटर सुती हातमागाचे कापड आणले. ४८ इंच पन्हा. जनेल चार फूट रुंद, म्हणजे दोन पडदे मिळून दुप्पट रुंदी आणि चुण्या छान पडतात. हे गणित आईने तोंडी केले. मी कात्री उचलली, तर ती म्हणाली, "पयलीं उदकांत घाल, मागीर कातर." सुती कापड पहिल्या धुण्याला आटते. न भिजवता शिवलेला पडदा महिन्याभरात वर चढून बसतो. भिजवून, वाळवून मोजले तर जवळजवळ दहा इंच कापड कमी भरले.

पडदा लोंबायचा ६४ इंच. मी मोठ्या ऐटीत ६४ इंच मोजून पहिला तुकडा कापला. आईने तो हाताने चाचपला, वितीने मोजला आणि विचारले, "नेफा कुठून काढणार? आणि खालची दुमड?" वर दांडी ओवायला नेफा, त्याला चार इंच, खाली वजन यावे म्हणून रुंद दुमड, तिला पाच इंच. तुकडा ७३ इंचांचा हवा होता. वीस वर्षे लोकांच्या अर्जांतल्या चुका काढणारा मी, पहिल्याच कापात नऊ इंचांनी चुकलो. आई रागावली नाही. "जोड वरच्या बाजूला घाल," ती म्हणाली, "चुण्यांत लपतो. खाली घातलास तर जन्मभर दिसेल."

सरळ टीप ही जगातली सर्वांत सोपी गोष्ट, असे मला वाटे. पाय वेगाने चालला की हात मागे राहतो, हात ओढला की टाका लांबतो, आणि बघता बघता टीप गावच्या पायवाटेसारखी वळते. नुसती एक बाजू मी तीनदा उसवली. आई पलीकडे खुर्चीवर डोळे मिटून बसलेली. तिला टीप दिसत नव्हती, पण मशीनच्या आवाजावरून ती सांगायची : "दोरा ताणला आहे, सैल कर." "बॉबिन संपत आली." "कापड ओढू नकोस, ते आपणच जातं, तू नुसतं वळण दे." प्रत्येक वेळी तिचे बरोबर निघाले. चौथ्या रविवारी चारही पडदे लागले. जोड वसरीत येणाऱ्या कुणालाही दिसत नाही. मला दिसतो.

बॉबिन शोधताना मशीनच्या खणात एक वही सापडली. मेण लागलेली, कोपरे झिजलेले. पहिल्या पानावर १९७७. दोन पोलकी, एक परकर, चार अभ्रे. पुढे दर, पुढे मिळाले की नाही. पैसे मिळाले की ती ओळ खोडलेली. शेवटपर्यंत पाहिले तर कितीतरी ओळी न खोडलेल्या. आईला विचारले, हे पैसे कधी मागितले नाहीस? म्हणाली, "मुलीला शाळेत जायचं होतं. चवथीच्या तोंडावर कुणाकडे मागणार?"

गोव्याचे अभिलेखागार १५९५ मध्ये सुरू झाले, दियोगो दो कूतो हा त्याचा पहिला रखवालदार. तिथे व्हाइसरॉयची पत्रे आहेत, जहाजांच्या मालाच्या याद्या आहेत. गावातल्या मुली काय घालून शाळेत गेल्या, ते कुणी किती पैशांत शिवले आणि किती बुडाले, हे मात्र अशा एखाद्या खणातल्या वहीतच असणार. तुमच्या घरातही जुनी मशीन असेल, तर तिचा खण एकदा उघडून पाहा. वही नसली तर जिने शिवले तिला विचारा. रद्दीवाल्याला आणि भंगारवाल्याला ही माणसे उचलून देऊ नका, एवढेच सांगणे.

अर्ज अजून तसाच होता. मी आईला म्हटले, व्यवसायाच्या रकान्यात शिवणकाम लिहितो. ती म्हणाली, "तो रकाना आत्ताचं विचारतो ना? आत्ता मी काही करत नाही, ते खरंच आहे. शिवणकाम लिहिलंस तर कमाई किती म्हणून विचारतील, आणि अर्ज परत येईल." कारकुनाला कारकुनी शिकवणारी आई! तिचे बरोबर होते. रकाना तसाच राहिला आणि अर्ज गेला.

पडद्यांच्या कापडातून फूटभर रुंदीची पट्टी उरली होती. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद कापडाच्या रुमालांत बांधून ठेवले आहेत. मीही त्या पट्टीच्या कडांना टीप मारली, या वेळी एकदाच आणि बऱ्यापैकी सरळ, आणि तिच्यात वही गुंडाळली. वर चिठ्ठी लावली : 'शिवणकाम, १९७७ ते २००८, एकतीस वर्षे.'

आईने काय लिहिले ते वाचून दाखवायला सांगितले. वाचले. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "मधली दोन वर्षं मी आजारी होते, तेव्हा मशीन बंद होती. ती वजा कर."

मी ती वजा केली.